काचेखालच्या फटीत पडलेली अंगठी

प्रश्न : अक्कलकोटहून परतताना आईने अंगठी काढून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. वळणावर ती घरंगळली आणि पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीच्या फटीत पडली. अंगठी आजीची आहे, त्यामुळे आईच्या जिवाला चैन नाही. चुंबकाने ती निघेल का? एका गॅरेजात सांगितले की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. हे खरे आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अंगठी गाडीतच आहे, हे आधी आईंना सांगा. त्या फटीतून रस्त्यावर पडायला सहसा वाट नसते. ती आणखी खाली जाऊ नये, एवढेच आता पाहायचे आहे. म्हणून एसीचा पंखा लावू नका आणि हवेची दिशा बदलणाऱ्या बटणाला हातही लावू नका.

याचे कारण त्या फटीखालच्या रचनेत आहे. पावसाळ्यात काचेवर आतून धुके धरते, ते घालवणारी हवा या फटीतून येते. फटीखाली प्लॅस्टिकचा चपटा बोळ असतो आणि तो डॅशबोर्डच्या पोटातल्या हवेच्या पेटीला जाऊन मिळतो. पेटीच्या तोंडाशी एक झडप असते. हवा काचेकडे सोडली की ती उघडते, तोंडाकडे सोडली की मिटते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षातले बहुतेक दिवस सोलापूरकर गाडीत थंड हवा तोंडावरच घेतो, काचेकडे सोडायची वेळ क्वचित येते. म्हणजे तुमच्या गाडीतली झडप मिटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तशी ती असेल, तर अंगठी झडपेवर किंवा त्याआधीच्या एखाद्या वळणात अडकून राहिली असणार. बटण फिरवले आणि झडप उघडली, की ती पेटीत उतरेल, हीटर कॉइलच्या आसपास. तिथून काढणे फार अवघड.

चुंबकाचा इथे उपयोग नाही. सोने, चांदी, तांबे यांना चुंबक ओढत नाही. किल्ली, स्क्रू किंवा हल्लीचे एक-दोन रुपयांचे पोलादी नाणे पडले असते, तर गोष्ट वेगळी होती. शिवाय डॅशबोर्डच्या आत लोखंडी आडवा दांडा आणि पट्ट्या असतात. फटीच्या बाजूने चुंबक घसरला, तर तोच त्यांना चिकटून बसेल.

आधी अंगठी दिसली पाहिजे. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो. बारीक वायर, टोकाला दिवा आणि कॅमेरा असे त्याचे रूप असते. बऱ्याच गॅरेजवाल्यांकडे तो असतो. जाळी क्लिपांवर बसवलेली असेल तर अलगद उचलून घ्यावी आणि वायर आत सोडावी. अंगठी जाळीतून न जाता काच आणि डॅशबोर्ड यांच्या सांध्यातून गेली असेल, तर ती बोळात नसून डॅशबोर्डच्या मागे पडली असेल. तेही कॅमेऱ्यातच कळते. अंगठी दिसली, की काम निम्मे झाले. मग लांब लवचिक चिमटा, म्हणजे मागून दाबला की पुढे बारीक बोटे उघडणारा, किंवा वाकवलेल्या टोकाची बांबूची काडी घेऊन ती अंगठीच्या पोटात अडकवायची. उघडी तार वापरू नका, डॅशबोर्डमागे विजेच्या वायरी असतात. आत घालाल त्या प्रत्येक वस्तूला दोरा बांधा, नाहीतर अंगठीच्या जोडीला चिमटाही आत जातो.

काडीच्या टोकाला दुहेरी टेप लावण्याची युक्ती चांगली आहे, पण ती सकाळी सावलीत करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होतो आणि अंगठीऐवजी बोळाच्या भिंतीला चिकटतो. च्युइंगम आणि मेण तर वापरूच नका.

गॅरेजवाल्याने सांगितले ते खोटे नाही, पण तो शेवटचा उपाय आहे. डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे स्टिअरिंग, मीटर, असंख्य क्लिपा आणि वायरींचे जोड सोडवायचे. उन्हाने वर्षानुवर्षे तापलेल्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात. त्या मोडल्या की पुढे डॅशबोर्ड कायमचा कुरकुरतो. त्याहून मोठी काळजी एअरबॅगची. आपल्याकडे चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या प्रवाशाची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. ही दुसरी एअरबॅग डॅशबोर्डमध्येच बसवलेली असते. तिच्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबावे लागते, कारण यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नका. काम झाल्यावर इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो ना, हे स्वतः पाहा.

त्यामुळे माझा सल्ला असा : आधी कॅमेरा, मग चिमटा. अंगठी पेटीत गेलेली दिसली, तर आधी पायाकडची हवेची तोंडे तपासा, कधीकधी वस्तू घसरून तिथे येते. तिथेही नसेल, तरच डॅशबोर्डचा विचार करा आणि तेही काम चालू असताना स्वतः उभे राहून. घाई करण्याचे कारण नाही. सोने तिथे गंजत नाही आणि गाडी चालवायलाही बहुधा धोका नसतो. आतून खडखड ऐकू आली, तर मात्र गाडी लगेच दाखवा.

इतर वाचकांसाठी थोडे. दाराच्या काचेच्या फटीत वस्तू पडली, तर ती दाराच्या तळाशी जाते. आतले पॅड काढले की सहसा हाती लागते, तोवर काच खालीवर करू नका. सीट आणि मधल्या खोक्याच्या फटीत पडलेली वस्तू वरून बोटे घालून काढू नका. सीट पूर्ण पुढे सरकवा आणि मागच्या सीटवरून शोधा. सीटखालच्या पिवळ्या जोडाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्या ओढू नका.

या सगळ्या वस्तू थांबू शकतात. ब्रेकच्या पेडलखाली गेलेली पाण्याची बाटली थांबत नाही. ती तिथे अडकली, की ऐन वेळी ब्रेक पुरता दाबला जात नाही. पुणे किंवा हैदराबादच्या रस्त्याला लागण्याआधी चालकाच्या पायाशी एकही सुटी वस्तू ठेवू नका, आणि चालत्या गाडीत काही खाली पडले, तर वाकून शोधू नका. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करा, हँडब्रेक ओढा आणि मगच हात घाला.