ऑपरेशन नागपूरला, बरं होणं घरी

गोंदिया जिल्ह्यातून हृदयाच्या ऑपरेशनसाठी बहुतेक जण नागपूर गाठतात. लहान मुलांना पुष्कळदा नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात नेतात, कारण तिथे ऑपरेशनचे पैसे घेत नाहीत. पेशंट घरी आला की भेटायला येणारे म्हणतात, "चला, सुटलात एकदाचे!" मला मात्र याच दिवसांची जास्त काळजी वाटते. सर्जन आता सुमारे 130 किलोमीटर दूर आहे. यापुढचं निम्मं काम तुमचं, घरच्यांचं आणि गावाजवळच्या डॉक्टरचं आहे.

आधी बायपासबद्दल. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पक्कं व्हायला तीन महिने लागतात. तोवर भरलेली बादली, धानाचं पोतं, कडेवर बसू पाहणारा नातू, काहीही उचलायचं नाही. हापसा मारायचा नाही, मोटारसायकल चालवायची नाही. खाटेवरून उठताना कुशीवर वळा, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरा. ऑपरेशन उन्हाळ्याच्या शेवटी झालं असेल तर यंदाची रोवणी दुसऱ्यांवर सोपवा. पायातून शीर काढलेली असते. ती जखम घेऊन बांधीच्या चिखलात उतरणं म्हणजे पू होण्याला आमंत्रण. जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा श्वास घेताना हाड कटकन हलल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. आधी अंगणात पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत अर्धा तास. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम लागून बोलणं तुटलं तर थांबा. काहींना या काळात विनाकारण रडू येतं, झोप लागत नाही. हे पुष्कळांना होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना सांगा.

खर्रा आणि बिडी कायमची बंद. "दिवसाला एकच पुडी" हेही मला मान्य नाही. ज्या तंबाखूनं जुन्या नळ्या बुजवल्या, तीच नव्याही बुजवते. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटतं म्हणून बंद करायची नसते. ती चालू आहे म्हणूनच बरं वाटत असतं.

आता झडप बदललेल्यांसाठी, आणि इथे मी जरा थांबणार आहे. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले, त्यावर पुरते उपचार झाले नाहीत आणि ऐन तरुणपणी हृदयाची झडप आखडली, असे पेशंट आपल्याकडे अजूनही दिसतात. त्यांना बहुतेक वेळा धातूची झडप बसवतात. भारतात 1990 पासून वापरात असलेली चित्रा झडप त्यातलीच एक. ही झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा एसिट्रोमची गोळी जन्मभर घ्यावी लागते. डोस कमी पडला तर गुठळी होऊन लकवा, जास्त झाला तर रक्तस्राव. योग्य डोस आयएनआर या रक्ततपासणीतूनच कळतो. आकडा साधारण महाधमनीच्या झडपेला 2 ते 3, मायट्रल झडपेला 2.5 ते 3.5 असावा लागतो. तुमचा नेमका आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. डोस बदलला की आठवड्यानं तपासणी, आकडा स्थिर असला तर महिन्यातून एकदा. सालेकसा किंवा अर्जुनीहून गोंदियाला रेल्वेनं येता येतं, देवरीहून एसटीनंच यावं लागतं. एका दिवसाची मजुरी बुडते हे मला ठाऊक आहे, तरी ही तपासणी चुकवू नका. महिन्याचा एक दिवस ठरवून टाका आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये जा.

गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्या. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. पालेभाजी बंद करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. अडचण येते ती एकदम फरक पडल्यानं. एरवी पालेभाजी फारशी नसते आणि पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात लाखोळी-हरभऱ्याची भाजी रोज ताटात, असं झालं की आकडा खाली जातो. बारा महिने साधारण सारखंच प्रमाण ठेवा.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती कंबरेत घेतलेल्या इंजेक्शनची. अंग दुखतं म्हणून गावात दुखण्याची सुई घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी कुल्ला काळानिळा होऊन टणक सुजतो, कारण रक्त आत साचत राहतं. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी सांगा, "माझी झडप बदलली आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे." दात काढण्यापूर्वीही हेच सांगा. सांधे सुजण्याच्या त्या आजारासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई चालू असेल, तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका. सुईच घ्यायची की गोळ्या, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

आपल्या भागात ताप म्हटला की मलेरियाच आठवतो. त्याची तपासणी कराच, पण कृत्रिम झडपेला जंतू चिकटले तरी असाच ताप येतो. म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करायला सांगा.

झडप बदललेल्या तरुण मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना एक कळकळीची विनंती. दिवस राहण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. रक्त पातळ करण्याच्या गोळीनं पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, आणि ती मनानं बंद केली तर आईचा जीव जाऊ शकतो. औषध कसं बदलायचं हे आधी ठरवलं तर मार्ग निघतो. सासरी ही गोष्ट लपवू नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल, तर काही शस्त्रक्रियांनंतरच्या तपासण्या आणि औषधांचीही त्यात तरतूद असते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, शौचाला काळं झालं, डोक्याला मार बसला, किंवा रोज ऐकू येणारी झडपेची टिकटिक बसल्यासारखी होऊन दम लागू लागला, तर घरी एक मिनिटही घालवू नका. 108 ला फोन करा आणि फाइल व चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.