स्वाराचे वजन की घोड्याचा वेग?

प्रश्न : माझे वजन खोगिरासह 90 किलो आहे, घोडा साधारण 400 किलोचा. लांब पल्ल्याच्या एंड्युरन्स शर्यतीसाठी दहा किलो वजन उतरवू का?

उत्तर : उतरवलेत तर चांगलेच, पण हिशेब पाहा. पाठीवरचा प्रत्येक किलो वाहायला घोड्याला स्वतःच्या अंगातल्या किलोइतकीच ऊर्जा लागते. म्हणजे एकूण 490 ऐवजी 480 किलो. बचत जेमतेम दोन टक्के. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कपमध्ये 24 तासांत 160 किलोमीटर कापावे लागतात. तिथल्या घोड्यांच्या पाहणीत शर्यत पुरी होण्याचा संबंध स्वाराच्या वजनाशी दिसला नाही; घोड्याच्या अंगावर मांस-चरबी किती, याच्याशी दिसला. हडकुळे घोडे मागे पडले.

खरा घात वेगात आहे. सहज दुडकीत दर किलोमीटरची ऊर्जा फारशी बदलत नाही, पण ताशी 12 वरून 18 किलोमीटरवर गेलात की अंगात दर मिनिटाला तयार होणारी उष्णता दीडपट होते. ती घामावाटे जाते, सोबत पाणी आणि क्षारही. त्याहून जोरात पळवलात तर स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो आणि साठवलेले ग्लायकोजेन भराभर संपते. दमट हवेत तर वेग आधीच कमी ठेवा.

सरावात थांबल्यावर डाव्या कोपरामागे हात ठेवून ठोके मोजा. पंधरा मिनिटांत ते मिनिटाला 64 च्या खाली आले नाहीत, तर पुढच्या वेळी वेग उतरवा. आणि तीव्र उतारावर स्वतः खाली उतरून चाला. पुढच्या पायांवरचा भार तिथे वाचतो.