शाळेतला एअर प्युरिफायर : जाळी कोण धुणार, फिल्टर कोण आणणार?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा मुंबईची हवा बिघडायला लागलेली असते. पावसाळ्यात पाण्याबरोबर खाली बसणारी धूळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत वारा मंद असल्यामुळे जमिनीलगत साचून राहते. गोवंडी, देवनार, माहुल या भागांतल्या वस्त्यांना हे नव्याने सांगायला नको. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंगला आग लागली, तेव्हा धुरामुळे परिसरातल्या पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ते डम्पिंग १९२७ पासूनचे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क बजावला. पाण्याचा हक्क आपण मागायला शिकलो. हवेबद्दल मात्र अजून फारसे बोलत नाही.

अशा ठिकाणच्या शाळेला किंवा बालवाडीला कुणी एअर प्युरिफायर देणगी दिला की आनंद होतो. फीत कापली जाते, फोटो निघतो. पण यंत्राबरोबर पुढच्या वर्षीच्या फिल्टरचे पैसे सहसा येत नाहीत आणि जाळी कोणी धुवायची हेही ठरलेले नसते. काही महिन्यांनी यंत्राचा दिवा लागलेला असतो, पंखा घरघरत असतो आणि हवा आहे तशीच असते. बंद यंत्रापेक्षा हे वाईट, कारण त्याच्या भरवशावर सगळे निश्चिंत राहतात.

म्हणून यंत्राच्या आत काय असते ते पालकांनी एकदा समजून घ्यावे. ते फार अवघड नाही. बाहेरच्या बाजूला एक जाळी असते. ती केस, धागे, खडूची भुकटी, जाड धूळ अडवते. तिच्या मागे पांढऱ्या घड्यांचा कागदासारखा जाड थर असतो, त्याला हेपा फिल्टर म्हणतात. खरे काम तो करतो. धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही बारीक असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात. हेपाच्या गुंतलेल्या तंतूंना हे कण चिकटून बसतात. बऱ्याच यंत्रांत काळ्या कोळशाचा आणखी एक थर असतो, तो वास आणि काही वायू शोषतो.

यातली फक्त बाहेरची जाळी धुता येते. हेपा फिल्टरला पाणी लागले की त्याचे तंतू बिघडतात. वरून स्वच्छ दिसला तरी तो कण पकडत नाही. तो भिंतीवर आपटून झाडला तर कागद फाटतो आणि अडकलेली धूळ वर्गात परत उडते. कोळशाचा थर उन्हात ठेवून पुन्हा कामाचा होतो, हा गैरसमज आहे. हे दोन्ही बदलावेच लागतात. साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष, पण डम्पिंग, रस्त्याचे बांधकाम किंवा सिमेंटचा प्लांट जवळ असेल तर लवकर. यंत्रावरचा फिल्टर बदलण्याचा दिवा अनेक मॉडेलमध्ये फक्त तास मोजतो, मळ मोजत नाही. त्यामुळे दिव्याची वाट न पाहता फिल्टर बाहेर काढून डोळ्यांनी पाहावा. नवा बसवताना त्याच्या कडेवर पेनाने तारीख लिहून ठेवावी. आणि नव्या फिल्टरवरचे प्लॅस्टिक काढले आहे ना, हे नक्की पाहावे. प्लॅस्टिकसकट महिनोन्‌महिने चालणारी यंत्रे असतात. हवा आत जाते की नाही हे पाहायचे असेल तर हवा ओढणाऱ्या बाजूला पातळ कागदाची पट्टी धरावी. ती चिकटली नाही तर काहीतरी तुंबले आहे.

जाळी थंडीत दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा स्वच्छ करावी. शनिवारी शाळा सुटल्यावर हे काम काढणे सोयीचे. आधी बटण बंद करून प्लग काढायचा. जाळी वर्गाबाहेर न्यायची, नाकाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडायची, मग साध्या पाण्याने थोडा साबण लावून धुवायची. रविवारभर सावलीत वाळू द्यायची. ओलसर जाळी बसवली तर बुरशी धरते आणि तोच वास मुलांच्या नाकात जातो.

हे काम मोठ्या माणसाचे आहे, मुलांचे नाही. इथे स्पष्टच लिहायला हवे. शाळेत धुळीचे, घाणीचे काम निघाले की कोणत्या मुलांना हाक मारली जाते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. ‘तुझे वडील पालिकेत आहेत ना, तुला जमेल,’ असे हसत हसत म्हटले जाते. काम हलके नाही, पण ते आडनाव पाहून वाटले जात असेल तर त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून विचारावे, आणि एकट्याने न जाता चार पालकांनी मिळून जावे. शाळेतली सफाई कर्मचारी ताई बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिच्याकडे हे काम असेल तर मास्क आणि हातमोजे शाळेने द्यावेत आणि ते कामाच्या वेळेत धरले जावे.

एक हिशेबही माहीत असावा. वीस फूट बाय पंचवीस फूट, दहा फूट उंचीच्या वर्गात सुमारे १४० घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले तर ७०० घनमीटरची क्षमता हवी. यंत्रावर सीएडीआर म्हणून हा आकडा छापलेला असतो. घरगुती यंत्राची क्षमता ३०० असेल तर ते काम अर्धेही होत नाही. तेही कपाटामागे कोंबलेले असेल तर विचारायलाच नको. भिंतीपासून फूटभर तरी मोकळे ठेवावे. पन्नास मुलांच्या श्वासाने कोंडणारी हवा कोणताही प्युरिफायर ताजी करत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत खिडक्या उघडाव्यात. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात असलाच पाहिजे, यंत्र असो वा नसो.

आता पैशांचे. फिल्टर कंपनी आणि आकारानुसार दीड हजारापासून चार हजारांपर्यंत पडतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. पालिकेच्या शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्यात फिल्टरचा खर्च दरवर्षी धरावा, जाळी धुणाऱ्याचे नाव ठरवावे आणि दोन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. देणगीदार नवे यंत्र देऊ म्हणाले तर दोन वर्षांचे फिल्टर त्यांच्याकडूनच मागावेत. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

वर्षाला एकच फिल्टर परवडत असेल तर तो जूनमध्ये न बसवता दिवाळीच्या सुट्टीत बसवावा, म्हणजे सगळ्यात वाईट चार महिने नव्या फिल्टरवर निघतात. मे महिन्यात यंत्र कोरडे पुसून, प्लग काढून, कापडाने झाकून ठेवावे.