भांडण नको, प्रश्न विचारा

प्रश्न : निवडणूक आली की आमच्या सोसायटीत नुसती वादावादी होते. आम्हा काही तरुणांना कोणाचाही प्रचार न करता मतदारांसाठी काही करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : मतदारयादीपासून करा. भाडेकरू, नुकती अठरा पूर्ण झालेली मुलं यांची नावं हमखास राहून जातात. नव्या नावासाठी अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलण्यासाठी ८. अडलं तर १९५० ही हेल्पलाइन आहे. निवडणूक जाहीर होण्याआधीच हे उरकलेलं बरं.

आता वादाचं. माणसांवरून भांडण होतं, कामांवरून बोलता येतं. पाण्याचंच उदाहरण घ्या. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याला तुमच्या मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. ही जखम मावळ विसरलेला नाही, आणि विसरूही नये. पण मावळ, पिंपरी आणि चिंचवड एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. धरणाकाठचे आणि नळावरचे मतदार एकाच जागेसाठी मत देतात. म्हणून पाण्याचा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला दोन्हीकडे त्याच शब्दांत विचारा, उत्तर लिहून घ्या आणि सगळ्यांना वाचायला द्या.

कचरा, गल्लीतले दिवे यांचा जाब मात्र नगरपरिषदेच्या उमेदवाराला विचारायचा. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मालमत्ता, शिक्षण, दाखल गुन्हे, सगळं त्यात असतं. एकत्र बसून वाचा, पण सगळ्यांची, आवडत्याचं आधी.