जीएनएमच्या पुढे काय? नर्सिंगमधली डॉक्टरेट

"ताई, पोरगी नर्स झाली. आता अजून किती शिकायचं?" मुक्ताईनगरच्या आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य तपासणीला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी माय केळीच्या बागेतून नुकतीच आलेली असते. तिच्या लेखी जीएनएम म्हणजे शेवटचे स्टेशन. तिचे चूक नाही, फी तिनेच मजुरीतून भरलेली असते. पण वाट तिथे संपत नाही, आणि ती कुठवर जाते हे घरात आधीपासून माहीत असलेले बरे.

जीएनएम तीन वर्षे. मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षे, एक वर्षाचा कामाचा अनुभव, एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षे. त्यानंतर पीएच.डी., जी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षांची. बारावीनंतर थेट चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग मिळाले तर एक वर्ष वाचते.

जगात नर्सिंगची डॉक्टरेट दोन तऱ्हेची आहे. एक पीएच.डी., म्हणजे संशोधन. दुसरी 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस', म्हणजे डीएनपी. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाने ती २००१ मध्ये सुरू केली. तिच्यात मोठ्या प्रबंधापेक्षा प्रत्यक्ष काम बदलून दाखवण्यावर भर असतो. नर्सिंगचे नेतृत्व, म्हणजे माणसे, पैसा आणि कामाची व्यवस्था सांभाळणे, हा तिचा मोठा भाग.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, वस्तीतल्या बायांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत सुटली. पीएच.डी. करणारी नर्स विचारील, गोळी का सुटते? ती अनेक जणींशी बोलेल, माहिती तपासेल, कारण शोधील. डीएनपी करणारी म्हणेल, ओपीडी सकाळी आणि बाई सकाळीच मजुरीला, मग तपासणी संध्याकाळी विहारात घेऊन बघू. त्यासाठी अधिकाऱ्यांची परवानगी काढायची, एका सिस्टरची संध्याकाळची ड्युटी बसवायची, गोळ्यांचा साठा पुरवायचा. आधी किती जणींचा दाब आटोक्यात होता आणि सहा महिन्यांनी किती, हे वहीत लिहायचे. शिवाय आपण बदली होऊन गेलो तरी ते चालू राहील असे बघायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड, आणि पदवीची खरी परीक्षा तिथेच.

आम्ही स्वतः डिप्लोमावाले, पण आमचे मत स्पष्ट आहे. असली कामे आपल्या मुली आजही करतात, फक्त नोंद होत नाही. औषधासाठी कुणी बकरी विकली हे रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत असते. ड्युटी आणि औषधखरेदी ठरते त्या बैठकीत मात्र तिची खुर्ची नसते. नुसत्या पदवीने खुर्ची मिळतेच असे नाही, पण पदवी नसली की विचारतही नाहीत.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या मान्य अभ्यासक्रमांत डीएनपी नाही. आपल्याकडे नर्सिंगची डॉक्टरेट म्हणजे पीएच.डी., आणि ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून करता येते. पण विषय आपण निवडायचा असतो. वरची संध्याकाळची तपासणी हाच पीएच.डी.चा विषय होऊ शकतो. रुग्णाजवळच राहायचे असेल तर अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे, आणि प्रसूतीसेवेसाठी १८ महिन्यांचा.

एक सावधगिरी. 'घरबसल्या ऑनलाइन डॉक्टरेट' किंवा समारंभात शाल घालून मिळणारी 'मानद डॉक्टरेट' यांच्यासाठी पैसे भरू नका. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने केलेली पीएच.डी. यूजीसी मानत नाही.

पैशांचे काय? पीएच.डी.साठी बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींना मिळते. तिला वयाची अट आहे: पदव्युत्तरला ३५, पीएच.डी.ला ४०. ही अट आम्हाला खटकते. लग्न, बाळंतपणे, सासूचे आजारपण उरकून बाई पुस्तकाकडे वळते तोवर चाळिशी आलेली असते! यूजीसीने मात्र थोडे ऐकले आहे: पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला दोन वर्षे जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपण-बालसंगोपन रजा मिळू शकते. कायम सरकारी नोकरीतल्या सिस्टरला १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजा आहे. कंत्राटी भगिनीला ते नियम लागू नाहीत, आणि आपल्या बऱ्याच मुली कंत्राटीच आहेत. त्यांनी बी.एस्सी.चा विचार लग्नाआधीच करावा, हे आईबापांनाही सांगणे आहे.

जात पडताळणी प्रमाणपत्र मुलगी बारावीत असतानाच काढा, ऐन प्रवेशाच्या वेळी जळगावच्या चकरा परवडत नाहीत. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची असते, कार्डावरची तारीख आजच बघून घ्या.