संकटात कामगाराच्या मागे कोण उभं राहतं?



२४ मार्च २०२० ची रात्र आठवा. टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत सगळं ठप्प. माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील गवंडी, दोघंही एकाच साईटवर. एप्रिलमध्ये राज्यातल्या नोंदीत बांधकाम कामगारांच्या खात्यात प्रत्येकी २००० रुपये जमा झाले. एकाला मिळाले, दुसऱ्याला नाही. दुसरे मला म्हणाले, "सर, माझ्या विटा कमी होत्या का?"

विटा सारख्याच होत्या. पहिल्याकडे नोंदणी होती. संघटनेच्या कार्यकर्त्याने कागद गोळा करून त्यांचा फॉर्म भरून घेतला होता.

हा पैसा कुठून आला? १९९६ च्या कायद्यानुसार बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जाऊ लागला. तो कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. म्हणजे ही मदत दान नव्हती, त्यांच्याच घामातून साठलेला पैसा होता.

संघटना म्हटलं की आपल्याला संप आणि मोर्चाच आठवतो. पण डॉ. बाबा आढावांच्या पुण्यातल्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून. हक्क मागणं आणि एकमेकांना सांभाळणं, ही दोन्ही संघटनेचीच कामं.

आता आपण काय करू शकतो?

१. पालकसभेत विचारा: बांधकामावर कोण जातं? वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम असेल, तर मंडळाकडे नोंदणी होते. नूतनीकरण विसरू नका.

२. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला २५०० रुपये मिळतात. अट ७५ टक्के हजेरीची. तो दाखला आपणच देतो, त्यामुळे वेळेत द्या.

३. घरकाम, शेतमजुरी, फेरी करणाऱ्या पालकांना ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीबद्दल सांगा.

४. मुलांना विचारा: एकट्याने मागणं आणि सगळ्यांनी मिळून मागणं, यात फरक काय?

ते दुसरे पालक पुढच्याच वर्षी कार्ड दाखवायला शाळेत आले. पण संकट येऊन गेल्यावर. छत्री पावसाआधीच घ्यावी लागते, एवढंच सांगायचं होतं.