कॅल्शियमच्या गोळीची भीती घालणाऱ्यांपासून सावध

"बाराशे पन्नास? अंगावर पाजताय ना, मॅडम? बाळाच्या किडनीत खडे होतील." चेन्नईत, अड्यारमधल्या आमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाने चारचौघांत मला हे ऐकवलं. माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्याने परत खणात टाकली आणि शिंपल्याच्या पुडीचा डबा पुढे सरकवला. "नॅचरल आहे, बाळंतिणींना हेच देतो." किंमत गोळ्यांच्या कितीतरी पट. बाळाचं नाव काढल्यावर कुठला बाप घासाघीस करतो? नवऱ्याने पैसे देऊन टाकले.

मला ते पटलं नव्हतं. घरी आल्या आल्या मी उरलेली जुनी पट्टी काढून खिडकीपाशी उजेडात धरली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ., त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ., डी३ २५० युनिट. कार्बोनेटमध्ये कॅल्शियम असतं चाळीस टक्के. रोज औषधं विकणाऱ्याला एवढं कळू नये? डब्यावर मात्र समुद्राचं चित्र आणि 'शुद्ध' हा शब्द. एका चमच्यात कॅल्शियम किती, याचा उल्लेख कुठेच नाही. शुद्ध न केलेल्या शिंपल्यांच्या नि हाडांच्या भुकटीत शिसं सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि शिसं दुधातून बाळापर्यंत पोचतं. धोका होता तो या डब्यात!

डॉक्टरांना फोन केला. "गोळी चालू ठेवा, दुसरं काही घेऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या. सील न तोडलेला डबा घेऊन मी दुकानात गेले, तर तो परत घेईना. वर मला कळणार नाही असं समजून शेजारच्या पोऱ्याला तमिळमध्ये म्हणाला, "नेटवर वाचून येतात." मला तमिळ चांगलं कळतं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

ज्या गोळीची भीती घातली, तीच केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे: गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम दिवसातून दोनदा. पाजणाऱ्या बाईची रोजची गरज हैदराबादच्या पोषण संस्थेने १२०० मि.ग्रॅ. धरली आहे. गोळीमुळे दुधात कॅल्शियमचा लोंढा येतो, हेही खोटं. गांबियातल्या बायकांना वर्षभर जादा कॅल्शियम देऊन पाहिलं, तरी दुधातलं प्रमाण वाढलं नाही. १९९५ मध्ये ते छापून आलं आहे. पाजताना आईच्या हाडांतून थोडं कॅल्शियम जातं आणि पाजणं थांबल्यावर बहुतेक भरून येतं.

म्हणून बायांनो, आकडा बघायचा तो प्रत्यक्ष कॅल्शियमचा. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या, उपाशीपोटी नको. दोन गोळ्या एकदम घेऊ नका, शरीर एका वेळी साधारण ५०० मि.ग्रॅ.च नीट शोषतं. लोहाच्या गोळीत आणि हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं. हे मला कुणी दुकानात सांगितलं नाही, खडे मात्र सांगितले. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढवा, तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. दूध, दही, तीळ खा, नाचणीही खा; ती इथे केळ्वरगु म्हणून कुठल्याही वाण्याकडे मिळते. चांगलं खा, झोप घ्या, हे तर सगळेच सांगतात.

डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी मात्र वेगळी. ती बहुधा आठवड्यातून एकदाच असते, रोज घ्यायची नाही. बाळाचे डीचे थेंब, रोज ४०० युनिट, तुम्ही गोळी घेत असलात तरी बंद करू नका. आणि ज्यांना स्वतःला आधी मुतखडा झाला आहे किंवा रक्तात कॅल्शियम जास्त निघालं आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं. खड्यांचा प्रश्न असलाच तर तो आईचा.